माझ्या बायकोची भोजली

अंधारात वाढवलेल्या गव्हाच्या रोपांना एक वास असतो. ओल्या मातीचा, हळदीच्या पाण्याचा आणि त्या दोहोंच्या तळाशी उजेड न पाहिलेल्या पात्यांचा, कोवळा, किंचित आंबूस. गेल्या श्रावणात चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या मागल्या खोलीतून तो वास वऱ्हांड्यात आला तेव्हा मी वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजल्या वाचत बसलो होतो, आणि पलंगाखाली उंदीर मेला असावा, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. उठून पाहतो तर खिडकीला जुनी चादर लावून खोली काळोखी केलेली, कोपऱ्यात बांबूची टोपली, टोपलीत फिकट पिवळी, दाट, एकमेकांच्या अंगावर रेललेली रोपं, आणि त्यांच्यासमोर आमच्या सौभाग्यवती एका हाताने भिंतीचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने पाणी शिंपडताहेत. आपल्याकडे नवरात्रात घटाला धान पेरतात, तेच हे असं मला वाटलं. "घट काहून आतापासूनच?" मी विचारलं. "घट नाही जी, भोजली हाय," कुमुद म्हणाली, आणि मागे वळूनही न पाहता, जणू त्या रोपांनाच सांगावं तसं पुढे म्हणाली, "राखीच्या दुसऱ्या दिवशी तिच्यासंगं बदाची हाय मले."

'ती' म्हणजे कोण, हे विचारण्याची गरज नव्हती. आमच्या घरात गेले काही महिने 'ती' एकच होती.

भोजली ही विदर्भाच्या पूर्वेकडच्या, आम्ही राहतो त्या या मातीची रीत. श्रावणात स्त्रिया टोपलीत गहू पेरून अंधारात रोपं वाढवतात, संध्याकाळी त्यांच्यापुढे बसून गाणी म्हणतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात नेऊन विसर्जन करतात आणि त्यांतली चार पाती राखून ज्या दोघींना मैत्र जोडायचं असेल त्या ती एकमेकींच्या कानांवर खोचतात. याला इथले लोक 'भोजली बदणं' म्हणतात. तेवढं झालं की त्या दोघी एकमेकींच्या जन्माच्या भोजली. सख्ख्या बहिणीचं नातं, सणावाराचं देणंघेणं, इकडचं सुतक तिकडे. आणि या नात्याचा सगळ्यांत कडक नियम असा की त्या क्षणापासून एकमेकींचं नाव तोंडाने उच्चारायचं नाही. हाक मारायची ती 'भोजली' म्हणून, भेटल्यावर म्हणायचं 'सीताराम भोजली', आणि नाव मनातच ठेवून द्यायचं. रेल्वेच्या माल कार्यालयात अख्खी नोकरी इथे झाली, त्यामुळे ही रीत मला ऐकून ठाऊक होती, पण ती गावाखेड्यांतल्या मुलीबाळींची गोष्ट, असं मी धरून चाललो होतो. वर्ध्याकडची, सोवळ्यातला स्वयंपाक करणारी, साठी केव्हाच ओलांडलेली माझी बायको या वयात कुणाची जन्माची मैत्रीण व्हायला निघेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मला राग आला. मग लक्षात आलं की तो राग नव्हता, मत्सर होता, आणि तो नेमका त्या नियमाचा होता. कुमुदने लग्नापासून माझं नाव घेतलेलं नाही. मंगळागौरीत, हळदीकुंकवात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. एरवी 'अहो', 'आयकलं का', फार चिडली तर 'घरातले'. आमच्या पिढीत हे सगळ्याच बायका करत, त्यात विशेष काही नाही, हे मला कळतं. तरी इतक्या वर्षांत त्या न उच्चारलेल्या नावाची मला एक गोडी लागली होती. साऱ्या जगाची नावं जिच्या जिभेवर खेळतात, भाजीवाल्यापासून कलेक्टरापर्यंत, तिच्या जिभेने फक्त एकाच नावाला अशी अदब दाखवावी, हे माझं एकट्याचं वतन होतं. मुलाने तिला नवा फोन घेऊन दिला तेव्हा माझा नंबर तिने 'अहो' असा घालायला लावला होता. आता त्याच फोनात 'भोजली' आली. वर्णमालेच्या कृपेने मी अजून वर आहे, एवढंच समाधान.

ती बाई मालधक्क्यामागच्या गुढ़ियारीची. नाव बिसाहिन. कुमुदला ते घेता येत नाही म्हणून मी ते घरात वारंवार आणि मोठ्याने घेत असे: "बिसाहिनबाईचा फोन आला का आज?", "बिसाहिनबाईनं काय धाडलं?" कुमुदचा चेहरा तेवढ्यापुरता कसनुसा होई आणि मला बरं वाटे. विधवा बाई, कुमुदहून दोनेक वर्षांनी धाकटी, मुलगा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये पाळीवर, घरात सून. दोघींची गाठ पडली ती गुडघ्यांच्या व्यायामाला. शेजारशेजारच्या खाटांवर पाय शेकत पडलेल्या असताना बिसाहिनबाई आपल्या दुखऱ्या गुडघ्याला मेलेल्या सासूच्या नावाने शिव्या घालत होती म्हणे, आणि कुमुदला इतकं हसू आलं की मशीन बंद करावी लागली. हे मला कुमुदने घरी येऊन सांगितलं तेव्हा ती पुन्हा हसली. मला त्यात हसण्यासारखं काही आढळलं नाही.

त्याआधीची कुमुद मला आठवते. आमच्या ओळखीची मराठी घरं एकेक करून उठत गेली. कुणी नागपूरला लेकीकडे, कुणी पुण्याला मुलाकडे, काही त्याहून लांब. कोजागिरीचं दूध पूर्वी पातेलंभर आटायचं, मग कढईत आटू लागलं, मग एकदा दोघांपुरतं चहाच्या भांड्यात आटवून आम्ही ते टीव्हीपुढे बसून प्यायलो. तिची साखर वाढली, झोप गेली, गुडघे धरले, आणि ती बोलेनाशी झाली. मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. मालगाड्यांचं वेळापत्रक सांभाळलेला माणूस मी, तिच्या गोळ्यांचं, कारल्याच्या रसाचं, गच्चीवरच्या फेऱ्यांचं वेळापत्रक मी आखलं आणि राबवलं. ती मुकाट्याने रस पीत होती, मुकाट्याने फेऱ्या मारत होती, आणि साखर काही केल्या खाली येत नव्हती.

ती खाली आली बिसाहिनबाईनंतर. कुमुद रिक्षा करून गुढ़ियारीला जाऊ लागली, दुपारची झोप सोडली, रात्रीची झोप परत आली. डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद पाहून मान डोलावली आणि "क्या कर रहे हैं आजकल? जो भी कर रहे हैं, जारी रखिए," असं म्हणाले, तेव्हा कुमुद तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "रोज फिराने ले जाता हूँ." घरी येताना रिक्षात कुमुद बाहेरच्या बाजूला तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती. संध्याकाळी फोनवर तिने ही हकिगत पलीकडे ऐकवली, आणि पलीकडचं खदखदणं मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू आलं.

भोजलीच्या विसर्जनाला मी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. पावसाचा भरवसा नाही, छत्री धरायला कुणी हवं, असं मीच म्हणालो. आभाळ निवळलं होतं आणि तळ्याच्या पाण्यावर उतरत्या उन्हाचा तांबूस मुलामा चढला होता. डोक्यांवर टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग गात गात पायऱ्या उतरत होती, आणि त्या रांगेत, एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने बिसाहिनबाईचा दंड धरून, माझी बायको होती. घरात भिंत धरल्याशिवाय न चालणारी. मी वरच्या पायरीवर तिच्या चपला आणि पिशवी सांभाळत उभा राहिलो. त्या दोघी गुडघाभर पाण्यात गेल्या, टोपल्या सोडल्या, आणि मग ओल्या हातांनी एकीने दुसरीच्या कानावर ती पिवळी पाती खोचली. लग्नात मी मंगळसूत्र बांधलं तेव्हा कुमुद खाली पाहत होती, रीतच तशी. इथे ती समोर पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. वर आल्यावर बिसाहिनबाईने माझ्यासमोर वाकून चार पाती माझ्याही हातात दिली आणि म्हणाली, "सीताराम, भाँटो." भाँटो म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. मला न विचारता मला एक मेहुणी मिळाली होती. ती पाती मी खिशात घातली आणि घरी आल्यावर तुळशीच्या कुंडीत टाकली.

शरद आला. सकाळच्या उन्हाला तो स्वच्छ, धुतल्या काचेसारखा रंग आला, पारिजातक वाटेवर सडे घालू लागला, आणि आमच्या स्वयंपाकघरात परकी पक्वान्नं शिरू लागली. तांदळाच्या पिठाचा, वाफवलेला फरा आला, धिरड्यासारखा चीला आला, आणि उन्हाळ्यात तर बासी खाईन, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, कांद्याशी, अशी घोषणा झाली. फरा मी खाल्ला. उत्तम होता, लसणाच्या चटणीशी तर मी तो तीनदा वाढून घेतला. "कसा हाय?" या प्रश्नाला मी "ठीक हाय" असं उत्तर दिलं.

एका दुपारी ती परतायला उशीर झाला म्हणून मी तिला आणायला गुढ़ियारीला गेलो. मालधक्क्याच्या बाजूचा तो सगळा भाग मला नोकरीपासून पाठ; ट्रक, पोती, धूळ, हळद आणि गुळाचा मिसळलेला दर्प. गल्लीच्या तोंडाशीच मला गाणं ऐकू आलं आणि मी थबकलो, कारण ते मराठी होतं. भुलाबाईचं गाणं. विदर्भातल्या पोरी भाद्रपद-आश्विनात दारोदार जाऊन म्हणतात तसलं, एका तालाचं, शेवट नसलेलं. दार उघडंच होतं. बाजेवर दोघी पाय पसरून समोरासमोर बसलेल्या, एक दुसरीच्या गुडघ्याला तेल चोळते आहे, आणि कुमुद गाते आहे. बिसाहिनबाई प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर पकडून पाठोपाठ म्हणते आहे, चुकते आहे, आणि चुकली की दोघी हसताहेत. माझी बायको गाते हे मला माहीत नव्हतं. आमचा संसार झाला, मुलगा झाला, त्याचं लग्न झालं, आणि हे मला गुढ़ियारीतल्या एका दारात उभं राहून कळावं! मी खाकरलो. गाणं थांबलं. "आवव भाँटो, बइठव," असं म्हणून बिसाहिनबाई लगबगीने उठली, आणि कुमुदने पाय पोटाशी घेऊन पदर सारखा केला. मला पाहून तिने पदर सारखा केला, ही गोष्ट मला फार लागली.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "मले नाही कदी आयकवलं थे गाणं?"

"तुमी कदी पुसलं?" ती म्हणाली, आणि आमटी वाढली.

एवढ्यावर विषय संपला. खरं म्हणजे माझ्याकडे बोलायला होतंच कोण? बागेत सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा एक कंपू होता. त्यातले दोघे गेले, एक मुलाकडे गेला, आणि उरलेल्यांशी मी निवडणुकीच्या काळात असा भांडलो की त्यांनी बाक बदलला. मीही फिरायची वेळ बदलली, आणि मग फिरणंच बदललं, वऱ्हांड्यापासून फाटकापर्यंत. मुलाला फोनवर मी मराठीत काही सांगू लागलो की तो हिंदीत उत्तर देतो, "पापा, आप भी कोई ग्रुप जॉइन कर लो ना, मम्मी को देखो," आणि 'मम्मी को देखो' हे शब्द ऐकले की माझं मस्तक तडकतं. तडकणं हे शब्दशः. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मानेमागे एक ठोका पडू लागला होता, पहाटे जाग येई, आणि जेवणाची चव गेली होती. मी कुमुदला सांगितलं नाही. तिने आपणहून ओळखावं, असा माझा हट्ट होता. ती ओळखतही असेल; पण तिने विचारण्याआधीच मी "काई नाही झालं मले" असं म्हणत असे.

पौष पौर्णिमेला छेरछेरा. नवं धान घरात आलेलं असतं आणि मुलंमाणसं दारोदार ते मागत फिरतात. कुणाला रिकामं पाठवत नाहीत. सकाळी कुमुद ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाली आणि म्हणाली, "तुमी बी चला. भोजलीनं बलावलं हाय तुमाले."

"मले नाही कोणाच्या दारात धान मागाले जाचं."

"मागाले नाही जी. आमी दारात बसून देतो."

"बिसाहिनबाईच्या दारात बसाले तू पुरे हायेस."

तिने नाव ऐकून डोळे मिटले, पोह्यांना तोंडही न लावता बशी तशीच ओट्यावर ठेवली आणि गेली. पोह्यांवरची कोथिंबीर दुपारपर्यंत सुकली. मी ते खाल्ले नाहीत आणि झाकलेही नाहीत.

दुपारी फोन वाजला. कुमुदचाच नंबर, पण आवाज बिसाहिनबाईच्या सुनेचा. शेवटचा लावलेला नंबर बघून तिने तो फिरवला होता. तुमच्याकडच्या अम्माजींना दारात बसल्या बसल्या घेरी आली, उंबऱ्यावर कपाळ आपटलं, नीट बोलत नाहीत, दवाखान्यात घेऊन आलो आहोत, असं तिने एका श्वासात सांगितलं आणि दवाखान्याचं नाव सांगून ठेवून दिला. रिक्षात मी काय विचार केला ते मला आठवत नाही. थंडीचं कोवळं ऊन रस्त्यावर पसरलं होतं, जागोजागी पिशव्या घेतलेल्या पोरांचे घोळके होते, आणि मला ते सगळं एका जाड काचेपलीकडून दिसत होतं.

दवाखान्याच्या खिडकीवर मी तिचं नाव सांगितलं. तिथल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "इस नाम की कोई पेशेंट नहीं है, अंकल." मी आडनाव सांगितलं, वय सांगितलं, पुन्हा नाव सांगितलं, या वेळी ओरडून. नाही. दुसरीकडे नेलं असेल. किंवा इथून पुढे कुठे पाठवलं असेल. किंवा आता नावाची गरजच उरली नसेल, अशा ओळीने शंका आल्या. मग पलीकडच्या दुसऱ्या मुलीने मान वर केली. "गुढ़ियारी से एक अम्मा आई हैं, माथे पे चोट है। पर उनका नाम तो भोजली बाई है."

तेवढ्यात माझ्या मागे बिसाहिनबाई येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात कुमुदचा चष्मा, लुगड्यावर रक्ताचे डाग. आणल्या आणल्या तिला पेशंटचं नाव विचारलं गेलं होतं आणि तिने ते सांगितलं नव्हतं. सुनेला ते ठाऊक नव्हतं; तिच्या लेखी ती भोजली दाई, म्हणजे भोजली आई. कुमुद शुद्धीच्या काठावर. खिडकीवरची मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती आणि ही बाई नुसती 'भोजली, भोजली' म्हणत रडत होती, म्हणून तिने तेच नाव घालून टाकलं. "अहो, माणूस मरायला टेकलंय आणि तुम्ही नाव नाही सांगत?" मी तिच्यावर मराठीतच खेकसलो. तिला कळलं. म्हणाली, "अइसन बेरा म ओखर नाँव कइसे लेतेंव, भाँटो?"

अशा वेळी तिचं नाव कसं घेतलं असतं, असं ती विचारत होती. हे वाक्य माझ्या परिचयाचं होतं. मुलगा लहान असताना माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यात कारकुनाने पेशंटचं नाव विचारलं आणि कुमुदने तोंड न उघडता माझं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं होतं. "अशा टायमाले कसं घेऊ?" असं ती मला नंतर म्हणाली होती. तिची समजूत अशी की संकटात नाव उच्चारलं की संकटाला पत्ता मिळतो. कितीतरी वर्षं मी ही हकिगत माल कार्यालयात सांगून मिरवलो. आणि आज तीच भीती, तसंच मिटलेलं तोंड, कुमुदच्या वाट्याला दुसऱ्या कुणाकडून आलं होतं. मला त्या बाईचा फार हेवा वाटला. मग मी मुलीला म्हटलं, "नाम सुधारिए," आणि बायकोचं नाव, माझं नाव आणि आडनाव, प्रत्येक अक्षर सुटं करून, सावकाश सांगितलं.

आत एकालाच सोडत होते. मी गेलो. कपाळावर पट्टी, हाताला सलाईन, चेहरा पांढरा. पोटात काही नसताना साखरेवरची गोळी घेतली होती, त्याने साखर एकदम उतरली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही, एक रात्र राहू द्या. कुमुदने डोळे उघडून मला पाहिलं आणि पदराकडे हात नेला. "जेवले का तुमी?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "खोटं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, दाराकडे पाहत, "भोजली कुठं हाय? घाबरली असन थे. धाडा ना तिले."

मी बाहेर येऊन बिसाहिनबाईला सांगितलं आणि ती धावत आत गेली. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. तिला पाहिल्याबरोबर कुमुद रडली. लहान मुलीसारखी, ओठ काढून, आवाज न करता रडली, आणि बिसाहिनबाईने तिचं डोकं पोटाशी धरलं. माझ्यासमोर ती रडली नव्हती. माझ्यासमोर ती माझ्या जेवणाची चौकशी करत होती. माझ्यासमोर तिला धड असावं लागतं आणि बिसाहिनबाईसमोर लागत नाही, हे मला त्या काचेतून लख्ख दिसलं. आणि मी तरी? मी कुणासमोर पडू शकतो? मानेमागचा ठोका आता कपाळापर्यंत आला होता. पाणी प्यावं म्हणून मी उठलो तर समोरची भिंत हळूच कलली.

मला कुणीतरी बाकावर बसवलं. सिस्टरने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, आपका बीपी बहुत बढ़ा हुआ है। आपके साथ कौन है?"

साधा प्रश्न. मी खरोखर विचार केला. मुलगा, त्याला विमानाने यायलाही उद्या उजाडणार. बागेतले लोक, बाक बदललेले. माल कार्यालयातली माणसं. त्यांतली बहुतेक मला आता सकाळच्या वर्तमानपत्रात भेटतात. शेजारी, त्यांची माझी ओळख फाटकापाशी गाडी लावण्यावरून झालेल्या वादाची. एक कुमुद, आणि ती आत सलाईनवर. इतक्या मोठ्या शहरात, जिथे मी भरल्या उमेदीत आलो आणि म्हातारा झालो, एका नर्सला सांगण्यासारखं दुसरं एक माणूस मला सापडेना. "कोई नहीं," मी म्हणालो.

"कोनो नइ हे?" बिसाहिनबाई दारात उभी होती. किती वेळची होती कुणास ठाऊक. ती माझ्यावर रागावली होती. सासूचं नाव घेऊन गुडघ्याला शिव्या घालणारी हीच ती, हे मला प्रथमच पटलं. "कोनो नइ हे? त मैं कोन अँव?"

सिस्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या उत्तराची वाट पाहत पेन धरून उभी राहिली. तू माझ्या बायकोची भोजली. माझी कोण, हे मी कसं सांगू? मी कानावर काही खोचलं नव्हतं. मत्सर होता तिथेच होता, उलट थोडा वाढलाच होता, कारण आता माझं बीपीही या बाईला कळलं होतं आणि उद्या सकाळपर्यंत ते कुमुदला कळणार होतं, आणि मग दोघी मिळून माझ्या गोळ्यांचं, माझ्या मिठाचं, माझ्या फिरण्याचं वेळापत्रक आखणार होत्या. ती बाई बाकाशी येऊन उभी राहिली. बाक लहान होता आणि मी त्याच्या अगदी मधोमध बसलो होतो.

"थोरिक घुचव, भाँटो," ती म्हणाली. जरा सरका.

मी सरकलो.